‘पालक येत नाहीत’ म्हणण्याआधी: नव्या वर्गशिक्षकांसाठी

‘पालक लक्षच देत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत कानावर पडतं. घराघरांत दुसरं एक वाक्य असतं: ‘शाळेतून फोन आला की पोटात गोळाच येतो.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. शाळेतून घरी बहुतेक वेळा तक्रार जाते नाहीतर सूचना. घराकडून शाळेत यावं असं काही आपण मागतच नाही, मागतो ती फक्त सही.

प्राथमिकचा वर्ग पहिल्यांदा हाती आला असेल, तर नवं अ‍ॅप शोधण्याआधी दोन सवयी लावून घ्या. मुलाबद्दलची एक नेमकी गोष्ट घरी कळवायची आणि ज्याचं उत्तर फक्त घरालाच ठाऊक आहे असं काहीतरी विचारायचं. पुढचे सगळे प्रयोग या दोन सवयी सोप्या करण्यासाठीच आहेत. ते एकदम सुरू करू नका. एक घ्या, पाचसहा आठवडे नेटाने चालवा, मगच पुढचा.

पहिलं काम: एक साधी वही

हजेरीपटावर मुलाचं नाव असतं, घर नसतं. म्हणून वेगळी वही करा आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. त्यावर एवढं लिहा: घरी मुलाचं कोण बघतं, फोन प्रत्यक्षात कोण उचलतं, कोणत्या वेळी उचलतं, घरी कोणती भाषा बोलतात, लिहिलेलं वाचता येतं की ऐकवलेलं बरं पडतं. दाखल्यावर वडिलांचा नंबर असतो. पण मुलाला आणायला-सोडायला आजी येते आणि वही मोठी बहीण तपासते, असं कितीतरी घरांत चालतं. तुमचा निरोप त्या बहिणीपर्यंत पोहोचायला हवा.

याच पानावर आणखी एक नोंद हवी, जी नवे शिक्षक हमखास विसरतात: या मुलाची माहिती कोणाला द्यायची नाही. आईवडील वेगळे राहत असतील, ताब्याचा वाद सुरू असेल, तर मुख्याध्यापकांकडून आधीच स्पष्ट करून घ्या. सगळ्या नातेवाइकांना सरसकट एका ग्रुपमध्ये घेतल्यानंतर हे कळलं, तर फार उशीर झालेला असतो.

माहिती मिळवायला लांबलचक फॉर्म पाठवू नका. त्यात पत्ता आणि नोकरी भरून येते, मूल कसं आहे ते येत नाही. कोऱ्या कागदावर एकच प्रश्न पाठवा: ‘तुमच्या मुलाबद्दल असं काय आहे, जे मला कळायला वर्ष लागेल?’ ज्यांना लिहायला जड जातं, त्यांना गेटवर विचारा किंवा व्हॉइस मेसेज करायला सांगा. अंधाराची भीती, नुकतंच गेलेलं घरातलं माणूस, एका कानाने कमी ऐकू येणं, गाड्यांचे नंबर तोंडपाठ असणं. कोणत्याही चाचणीत न दिसणाऱ्या या गोष्टी अशा कागदांवर येतात.

पहिला फोन चांगल्या बातमीचा

वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन, आणि तोही तक्रारीचा नाही. रोज दोन केले तरी महिन्याभरात मोठा वर्ग उरकतो. फोनवर काय बोलायचं ते सुचत नसेल, तर साधारण असं:

‘नमस्कार, दुसरी ब चा वर्गशिक्षक बोलतोय. काळजीचं काही नाही. आज वजाबाकी करताना शेजारच्या मुलाला हातचा कळत नव्हता. तुमच्या मुलीने काड्यांचा दशकाचा गठ्ठा सोडला, दहा सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, आता घे यातून. मला आवडलं, म्हणून सांगितलं. घरी ती कोणाला असं शिकवते का?’

यातलं ‘काळजीचं काही नाही’ हे दुसरंच वाक्य असलं पाहिजे. ते येईपर्यंत पलीकडच्या माणसाने श्वास रोखलेला असतो. मग घडलेली गोष्ट सांगायची, आणि ती नेमकी. ‘हुशार आहे’, ‘छान चाललंय’ यातून काहीच कळत नाही. उलट शिक्षकाने आपलं मूल पाहिलंच नाही अशी शंका येते. शेवटी प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. ही शांतता अवघड जाते, पण उत्तर तिथेच मिळतं. दोन-तीन मिनिटांत फोन ठेवा. ‘जाता जाता, गृहपाठ जरा अपुरा असतो’ हे शेपूट मात्र लावू नका, कारण त्या एका वाक्याने आधीचं सगळं धुऊन निघतं आणि घरच्यांना वाटतं, हेच सांगायला फोन होता.

काही मुलांबद्दल चांगलं काही सापडतच नाही, असंही होईल. मग त्या मुलाकडे दोन दिवस मुद्दाम बघा. डबा खाताना, रांगेत, चित्र काढताना. सापडतंच. दोन दिवस बघूनही सापडलं नाही, तर अजून बघायला हवं एवढाच त्याचा अर्थ.

याचा अर्थ कायम गोडच बोलायचं, असा नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या अमेरिकी संशोधकांनी माध्यमिकच्या, उन्हाळी वर्गात राहिलेल्या विषयांची भरपाई करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी शिक्षकांचा आठवड्याला जेमतेम एक वाक्याचा निरोप पाठवून पाहिला. विषय पूर्ण केल्याचं क्रेडिट न मिळवू शकणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं. काही घरांना विद्यार्थी काय चांगलं करतोय ते कळवलं होतं, काहींना काय सुधारायला हवं ते. जास्त फरक दुसऱ्या प्रकाराने पडला. वयोगट वेगळा आहे, तरी प्राथमिकच्या शिक्षकाने त्यातून घ्यावं असं बरंच आहे. ओळख चांगल्या बातमीने करा. ती झाल्यावर ‘या आठवड्यात सातचा पाढा अडतोय, रात्री एकदा म्हणून घ्या’ असा नेमका निरोप बिनदिक्कत पाठवा. करता येण्याजोगं काम हातात मिळालं की माणूस करतो. ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ या वाक्यात करण्यासारखं काहीच नाही.

ग्रुप काढण्याआधी ठरवायच्या गोष्टी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायला दोन मिनिटं लागतात, निस्तरायला वर्ष जातं. सुप्रभातची फुलं, फॉरवर्ड, एका पालकाचा दुसऱ्याच्या मुलावर राग, रात्री अकराला ‘उद्या काय आणायचंय?’ हे सगळं टाळायचं असेल, तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज पाठवता येतील असं करा. ज्यांना काही विचारायचं असेल, त्यांनी तुम्हाला स्वतंत्र मेसेज करावा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे लक्षात असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्याच ‘कम्युनिटी’ या सोयीतल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांपासून लपलेले राहतात, त्यामुळे तो पर्याय बरा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. अर्धे पालक ‘आम्हाला आलंच नाही’ म्हणतात ते खोटं बोलत नसतात.

तुमच्या वेळाही आधीच सांगून टाका. ‘संध्याकाळी पाच ते सात मी उत्तर देतो, त्यानंतरचं दुसऱ्या दिवशी’ असं एकदा स्पष्ट सांगितलं की लोक पाळतात. तुम्हीच मध्यरात्री उत्तर दिलंत, तर मात्र तीच वेळ ठरते.

गुणांची यादी ग्रुपवर टाकायची नाही, कोण गैरहजर होतं तेही नाही. मुलांचे फोटो टाकायचे असतील तर घरून लेखी संमती घ्या, आणि वर्गाच्या ग्रुपसाठीची संमती व सगळ्या जगाला दिसेल अशा पानासाठीची संमती वेगवेगळी मागा. एखाद्या घराने नाही म्हटलं, तर कारण विचारू नका. त्या मुलाला फोटोच्या वेळी बाजूला उभंही करू नका. हातांचा, वह्यांचा, मातीच्या बाहुल्यांचा फोटो काढा. गोष्ट त्यातूनही कळते.

निरोपाची भाषा ही या साऱ्यातली सगळ्यात दुर्लक्षित बाब. हे बघा:

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, विद्यार्थ्यांनी उद्या गणित प्रकल्पाचे साहित्य घेऊन उपस्थित राहणे अनिवार्य आहे.’

आणि हे:

‘उद्या वर्गात लांबी मोजणार आहोत. मुलाबरोबर त्याच्या हाताएवढी एक दोरी पाठवा. विकत आणू नका, घरात असेल ती चालेल.’

दुसऱ्यात काय आणायचं, कशासाठी आणि खर्च नाही, हे तिन्ही आलं. पहिला निरोप वाचून पालक दुसऱ्या पालकाला फोन करतात. वाचता न येणाऱ्या घरांसाठी हाच निरोप अर्ध्या मिनिटात तुमच्या आवाजात पाठवा. खरं तर वाचता येणारेही आवाजच आधी ऐकतात.

आठवड्याला किती निरोप? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बेंजामिन यॉर्क आणि सुझाना लोब या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांच्या पालकांना आठवड्याला तीन छोटे मेसेज पाठवले: मूल शिकतं कसं ते सांगणारा एक, घरी करता येईल अशी छोटी कृती सुचवणारा एक आणि शेवटचा तीच कृती थोडी पुढे नेणारा. त्याचा उपयोग झाला. नंतरच्या एका प्रयोगात हीच संख्या पाचवर नेली, तेव्हा मेसेज बंद करून टाकणाऱ्या पालकांचं प्रमाण वाढलं. म्हणजे उत्साह आवरायला शिका. एका वर्गशिक्षकाला आठवड्याचा एक चांगला निरोप पुरतो: काय शिकलो, मुलाला काय विचारा, कोणती तारीख लक्षात ठेवा.

त्यातला मधला भाग सगळ्यात मोलाचा. ‘आज शाळेत काय केलं?’ या प्रश्नाला जगातलं प्रत्येक मूल ‘काही नाही’ असंच उत्तर देतं. ‘दोरीने काय काय मोजलंस? सगळ्यात लांब काय निघालं?’ असं विचारलं की ते जेवण सोडून उठून हात पसरून दाखवतं. घरच्यांना तो प्रश्न पुरवायचा, एवढंच तुमचं काम.

नवं अ‍ॅप सुरू करणारच असाल, तर नोंदणीचं ओझं घरावर टाकू नका. पीटर बर्गमन आणि वर उल्लेख आलेले टॉड रॉजर्स या संशोधकांनी वॉशिंग्टन डीसीमधल्या शाळांत पालकांसाठीची मेसेज सेवा तीन तऱ्हांनी देऊन पाहिली. पालकांनी स्वतः संकेतस्थळावर जाऊन नोंदणी करायची होती, तिथे शेकडा एकही जण आला नाही. मेसेजला नुसतं एका शब्दाचं उत्तर पाठवायचं होतं, तिथे आठ टक्के आले. शाळेनेच नाव घातलं आणि नको असेल त्याने बाहेर पडावं असं सांगितलं, तिथे पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास टिकले. पालकांना रस नव्हता असं यातून दिसत नाही, दार फार अरुंद होतं एवढंच दिसतं. जी संमती कायद्याने किंवा नियमाने आधी घ्यायची असते ती मात्र घ्यावीच लागते, तिथे ही युक्ती चालायची नाही.

घराला काम द्या, शिकवण्याचं मात्र नको

पालकांनी घरी शिकवावं ही अपेक्षा बऱ्याच घरांना घाबरवते. आपली भागाकाराची रीत वेगळी होती, आपल्याला ही भाषा येत नाही, दिवसभराच्या कामानंतर डोळे मिटतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गृहपाठाचा एक वेगळा साचा तयार केला. त्यात शिकवणं पालकाकडे नसतं. मूल घरच्यांना काहीतरी दाखवतं, समजावतं किंवा विचारतं. मोठ्यांनी फक्त ऐकायचं, उत्तर द्यायचं आणि खाली एक ओळ लिहायची. जबाबदारी मुलाचीच राहते. रोज नाही, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, आणि करायला काही दिवसांची मुदत. ही मुदत महत्त्वाची आहे, कारण पाळीच्या नोकरीतल्या माणसाला ‘आज रात्री’ जमत नाही, ‘रविवारपर्यंत’ जमतं.

सुरुवातीला सोपं काहीतरी द्या. घरातल्या प्रत्येकाच्या विताने एकच टेबल किंवा एकच दार मोज. उत्तरं वेगवेगळी का आली ते घरच्यांना विचार. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर सगळे आकडे लिहिले की सेंटिमीटरची गरज का पडली हे मुलांना न शिकवता कळतं. किंवा: ‘तू माझ्याएवढा किंवा माझ्याएवढी असताना शाळेत काय अवघड जायचं?’ असं घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारून ये आणि तीन वाक्यं लिही. प्रश्न देताना ‘आईबाबांना विचार’ असं लिहू नका. वर्गात असं एखादं मूल असतंच, ज्याचे आईबाबा जवळ नसतात, आणि त्या एका शब्दाने ते गृहपाठ न करताच परत येतं. ‘घरातलं मोठं माणूस’ म्हटलं की सगळी मावतात.

उत्तरं आली की ती वर्गात वापरा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही. अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये संशोधक लुइस मॉल आणि त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांनी घरोघरी जाऊन, शिकवायला नव्हे तर शिकायला, घरांकडे कोणतं ज्ञान आहे ते पाहिलं आणि १९९२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, दुरुस्ती, व्यापार असं बरंच त्यांना सापडलं. एक मुलगा मेक्सिकोतली मिठाई विकायचा, एवढ्यावरून वर्गात एक आख्खा घटक उभा राहिला आणि मिठाई कशी करतात ते दाखवायला वर्गातल्या एका मुलाची आई आली. तुमच्या वर्गातल्या घरांतही शिवणारं, वायरिंग करणारं, हिशोब ठेवणारं, ओव्या म्हणणारं कोणीतरी असणारच. भाषण द्यायला बोलावलंत तर ते येणार नाहीत. ‘मोजमापाचा पाठ चालू आहे, टेप घेऊन पंधरा मिनिटं या, मुलं प्रश्न विचारतील’ असं म्हटलंत तर येतील.

सभा

पालकसभेत शिक्षक बोलतो, पालक घड्याळ बघतात आणि ज्यांना भेटायला हवं होतं तेच आलेले नसतात. तिची मांडणी बदलता येते.

सगळ्यात सोपा बदल म्हणजे मुलाने सभा चालवायची. प्रत्येक मूल वहीतली तीन पानं निवडतं: अभिमान वाटतो ते, अवघड गेलं ते आणि पुढे काय जमवायचंय ते. वर्गात जोड्या करून दोनदा सराव घ्या. सभेच्या वेळी चारपाच कुटुंबं एकदम, वर्गाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात. मूल बोलतं, तुम्ही फिरत राहता. स्वतःचं मूल बोलणार म्हटलं की येणाऱ्यांची संख्या वाढते, हे करून बघितलेले बरेच शिक्षक सांगतात, आणि त्यात आश्चर्य नाही.

अ‍ॅरिझोनातच शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या मारिया परेडेस यांनी दुसरी पद्धत सुरू केली. वर्षात तीन वेळा सव्वा तासाची आख्ख्या वर्गाच्या कुटुंबांची बैठक आणि एकदा अर्ध्या तासाची स्वतंत्र भेट. बैठकीत आपलं मूल नेमकं कुठे आहे ते प्रत्येक घराला वर्गाच्या माहितीशी ताडून, इतरांची नावं न दिसता, कळतं. घरी करायचा एक खेळ तिथेच खेळून बघतात आणि साठ दिवसांचं एक उद्दिष्ट ठरवून घरी जातात. पहिल्याच वर्षी एवढं जमणार नाही. त्यातला खेळाचा भाग मात्र लगेच उचला. पत्त्यांनी बेरीज, फाशांनी स्थानिक किंमत. घरच्यांनी एकदा हातात घेऊन खेळलं की ते घरी चालतं, पत्रकात छापलेलं चालत नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी: लहान भावंडांना आणायला परवानगी द्या आणि ते आधीच सांगा. मोठ्यांना मोठ्या खुर्च्या द्या. टेबलाच्या पलीकडे बसू नका, बाजूला बसा, म्हणजे दोघंही वहीकडे बघता. वेळेचे दोन पर्याय ठेवा आणि ज्यांना दोन्ही जमत नाहीत त्यांच्याशी फोनवर बोला. भाषेची अडचण असेल तर मोठ्या माणसाला दुभाषा म्हणून बोलवा. स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच भाषांतरित करायची वेळ मुलावर आणू नका.

अवघड विषय असेल तर त्यासाठी वेगळी भेट. ग्रुपवर नाही, वहीत लाल शाईने नाही. काय पाहिलं, कधी, मी काय करून बघितलं, तुम्हाला घरी काय दिसतं, या क्रमाने बोला. ‘तो मारामारी करतो’ आणि ‘या आठवड्यात मधल्या सुट्टीत दोनदा ढकलाढकली झाली, दोन्ही वेळा खेळातून बाहेर काढल्यावर’ यात दुसऱ्या वाक्यावर घरचे विचार करू लागतात. पहिल्यावर बचाव करतात.

घरी जायचं असेल तर

घरभेटीचा विषय नाजूक आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये सुरू झालेल्या शिक्षक-पालक घरभेटींच्या उपक्रमाने काही नियम घालून घेतले, ते कुठेही उपयोगी पडतात. भेट दोन्ही बाजूंनी ऐच्छिक. आधी वेळ ठरवून. दोघांनी मिळून जायचं. फक्त ‘अडचणीच्या’ मुलांच्या घरी जायचं नाही, नाहीतर भेट हीच शिक्षा ठरते. पहिल्या भेटीत गुणांवर बोलायचं नाही; मुलाबद्दल घराची स्वप्नं काय आहेत ते विचारायचं. त्या उपक्रमात शिक्षकांना प्रशिक्षण आणि या वेळेचा मोबदला मिळतो, हेही सांगायला हवं. तुमच्या शाळेत तसं नसेल तर स्वतःवर सगळ्या वर्गाच्या घरभेटींचं ओझं लादू नका. शाळेच्या बाहेर, मैदानात, वाचनालयात भेटलं तरी चालतं. ज्या घराला शिक्षक घरी यायला नको वाटतो, त्याची शंभर कारणं असू शकतात आणि त्यातलं एकही तुमच्याविषयी नसतं.

महिन्याची मोजणी

कोणता प्रयोग चालला हे किती अंगठे आले त्यावरून ठरवू नका. उत्साही पालक तेच असतात, सगळीकडे तेच दिसतात. पहिल्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने आखा: मी संपर्क केला ती तारीख आणि घराकडून काही आलं ती तारीख. महिनाअखेर दुसरा रकाना कोणाचा कोरा आहे ते बघा. पुढच्या महिन्याचा वेळ त्यांच्यासाठी.

कोरा रकाना म्हणजे बेफिकिरी असं लगेच समजू नका. नंबर बदललेला असतो, फोन एकच आणि तो कामावर गेलेला असतो, निरोप वाचलेला असतो पण उत्तर द्यायचं असतं हे माहीत नसतं. मुलाकडून चिठ्ठी पाठवा, गेटवर थांबा, भावंडाच्या वर्गशिक्षकाला विचारा, शेजारच्या मुलाच्या आजीला नुसतं ‘ते बरे आहेत ना?’ एवढंच विचारा. मुलाबद्दलचं काही तिच्याजवळ बोलू नका. कधी कधी मूलच सांगतं, ‘बाबांनी तुमचा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला.’ तेही दुसऱ्या रकान्यात लिहा.

पाचसहा आठवड्यांनंतर प्रयोगाकडे बघताना घरांनाही विचारा: काय उपयोगी पडलं, काय बंद करू. ‘बंद करा’ असं तिघाचौघांनी म्हटलं तर बंद करा, तुम्ही त्यावर कितीही रात्री घालवल्या असल्या तरी. बंद केल्याचं सांगा, म्हणजे पुढच्या वेळी खरं उत्तर मिळेल.

वर्ष संपताना ती वही पुढच्या वर्गशिक्षकाला देण्याआधी एकदा नजरेखालून घाला. घरांनी विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टींची पानं काढून ठेवा. त्यातली एखादी पुढे कळवणं मुलाच्या हिताचं असेल तर आधी घरच्यांना विचारा. फोन कोण उचलतं, कोणत्या वेळी, ऐकवलेलं बरं पडतं की लिहिलेलं, माहिती कोणाला द्यायची नाही, आणि मूल कशात रमतं एवढं स्वच्छ अक्षरात उतरवून द्या.